कॉम्प्युटरला घालणे

मराठीतलं 'घालणे' हे क्रियापद मोठं सोशीक आहे. आपण झाडाला पाणी घालतो, अंगात सदरा घालतो, मांडव घालतो, वाद घालतो, घोळ घालतो, रुसलेल्या पाहुण्याची समजूत घालतो आणि एवढं करूनही हात मोकळे राहिले की घरातल्या मुलांना कुठंतरी घालतो. मला माझ्या वडिलांनी कॉमर्सला घातलं. मी माझ्या मुलाला मेकॅनिकलला घातलं. आता सबंध महाराष्ट्र आपापल्या मुलांना कॉम्प्युटरला घालतो आहे. 'आम्ही मुलाला कॉम्प्युटरला घातलं' या वाक्याचं व्याकरण जरा निवांत पाहा. आईबाप कर्त्याच्या जागी, मुलगा द्वितीयेत, कॉम्प्युटर चतुर्थीत. कर्त्याच्या जागी मुलगा कुठंच नाही.

माझं भांडण आहे ते या व्याकरणाशी. कॉम्प्युटरशी माझं काही भांडण नाही. म्हणजे होतं, पण ते मी केव्हाच हरलो.

मी १९७९ साली बँकेत चिकटलो. त्या काळी बँकेत लागलेला मुलगा म्हणजे स्थळांच्या बाजारातला हापूस. पुढं चारपाच वर्षांत कॉम्प्युटर येणार, कॉम्प्युटर येणार अशी आवई उठली आणि आम्ही सगळे हापूस आंबे छातीवर बिल्ले लावून रस्त्यावर उतरलो. मीसुद्धा मोर्च्यात होतो. कॉम्प्युटर मी तोवर डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण त्याच्याविरुद्ध घोषणा देताना माझा घसा बसला होता. ज्याच्याशी लढायचं तो दिसायला कसा असतो हे विचारायची पद्धत आमच्या संघटनेत नव्हती. शेवटी १९८३ साली बँकांच्या संघटनांचा आणि व्यवस्थापनांचा यंत्रांबद्दल करार झाला, पुढं शाखेत लेजर लिहिणारं यंत्र आलं, त्याच्यावर बसायला भत्ता मिळतो असं कळलं आणि आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या सभासदानं त्यासाठी सगळ्यात आधी अर्ज केला.

योगायोग असा, की त्याच १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयं काढायला परवानगी मिळाली. म्हणजे एका हातानं आम्ही बँकेच्या दारात कॉम्प्युटर अडवत होतो आणि दुसऱ्या हातानं त्याच कॉम्प्युटरला घालायची मुलं तयार करण्याची सोय होत होती. या दोन हातांची एकमेकांना खबर नव्हती. मराठी मध्यमवर्गाचं हे जुनंच आहे.

आता मुद्द्यावर येतो. २०२५ साली आमची नात मनी बारावी झाली.

मनी हे तिचं घरातलं नाव. बाहेरचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते फक्त सी.ई.टी.च्या निकालावर पाहायला मिळतं. तर मनीची सी.ई.टी. झाली आणि निकाल आला ९१ पर्सेंटाइल. नुसते ९१ नाहीत. ९१ पूर्णांक आणि टिंबापुढं सात आकडे! अहो, मी ३८ वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले, पण दोन दशांश स्थळांच्या पुढं जायची मला कधी गरज पडली नाही. लोकांची घरं, लग्नं, दिवाळं, सगळं दोन दशांश स्थळांत बसलं. इथं एका पोरीची हुशारी मोजायला सात लागली. आणि त्या सातांतला शेवटचा आकडा पाहून चिरंजीव म्हणाले, "थोडक्यात हुकलं."

त्या दिवसापासून आमच्या घरात मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मी जुन्या वळणाचा माणूस असल्यामुळं मला खूण चटकन पटली. प्रवेशाचा अर्ज म्हणजे पत्रिका. पर्सेंटाइल म्हणजे गुण. कॉलेज म्हणजे स्थळ. पॅकेज म्हणजे मुलाचा पगार. कट-ऑफ म्हणजे 'त्यांच्या अपेक्षा फार आहेत हो'. आणि पसंतीक्रमाची यादी म्हणजे आमच्या मावशीची ती प्रसिद्ध वही, जिच्यात पुण्यापासून पंढरपूरपर्यंतची स्थळं लिहिलेली असत. चिरंजीवांनी ८७ पर्याय भरले. ८७! मला बायको ठरवताना तीन पर्याय होते आणि त्यातल्या दोघींनी आधीच नकार दिला होता.

त्या ८७ पर्यायांत मेकॅनिकल नाही, सिव्हिल नाही, इलेक्ट्रिकल नाही. सगळा कॉम्प्युटर. पण एकच कॉम्प्युटर किती नावांनी नांदतो म्हणता! कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग. इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी. आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स. कॉम्प्युटर सायन्स आणि कंसात मशीन लर्निंग. तेच, पण कंसात सायबर सिक्युरिटी. तेच, पण कंसात इंटरनेट ऑफ थिंग्ज. तेच, पण बिझनेस सिस्टिम्ससकट. विष्णुसहस्रनामानंतर एका दैवताला इतकी नावं पहिल्यांदाच मिळाली असतील. मी सूनबाईंना विचारलं, "यातला फरक काय गं?" तिनं जे उत्तर दिलं ते मी इथं जसंच्या तसं लिहितो. ती म्हणाली, "बाबा, ए.आय.ला सध्या जास्त स्कोप आहे."

'स्कोप' हा शब्द कुणाच्या तोंडून आला की समजावं, माहिती संपली.

मी रिकामा माणूस. मी काय केलं, मनीला शेजारी बसवून तीनचार शाखांचे अभ्यासक्रम काढायला लावले आणि चष्मा लावून वाचले. वाचकहो, हे काम अवघड नाही. विद्यापीठं अभ्यासक्रम छापतात आणि ते कुणीही वाचू शकतो. पण पंचवीस हजारांचा फ्रीज घेताना माहितीपत्रक पाठ करणारे आपण, चार वर्षं आणि काही लाख रुपये घालताना हा कागद उघडत नाही. मी उघडला. पहिल्या वर्षी बहुतेक सगळ्यांना गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग. पुढं डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क. दुसऱ्या शाखेत? डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटाबेस… वरचे दागिने वेगळे, सून तीच. शेवटीशेवटी चारदोन विषय बदलतात. बाकी बदलतं ते दारावरची पाटी आणि नातेवाइकांना सांगताना लागणारा श्वास.

आणि हे विषय तरी काय असतात? मी मनीकडून समजून घेतले. डेटा स्ट्रक्चर म्हणजे हजार व्हाउचरं अशी रचून ठेवायची, की साहेबानं मागितलेलं क्षणात हाती लागेल. आमच्या शाखेत हे शास्त्र फक्त एका शिपायाला अवगत होतं आणि तो रजेवर गेला की शाखा बंद पडायची. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे एका स्वयंपाकघरात चार जावा नांदवणं. एकीच्या हातात पोळपाट, दुसरीच्या हातात लाटणं, आणि दोघीही समोरची आधी सोडेल म्हणून थांबलेल्या. पोळी कुणाचीच होत नाही. याला डेडलॉक म्हणतात आणि त्याच्यावर अख्खा धडा आहे. आणखी एक विषय तर असा, की कोणतं काम यंत्राला कधीच, कितीही वेळ दिला तरी, जमणार नाही हे त्यात सिद्ध करून दाखवतात. मला तो विषय फार आवडला. आमच्या मोर्च्यात हे माहीत असतं तर फलकावर लिहिता आलं असतं.

सांगायचा मुद्दा असा, की हे गणिताच्या घरचं शास्त्र आहे. ज्याला कोडं सोडवल्याशिवाय जेवण जात नाही त्यानं इथं खुशाल यावं, त्याच्यासाठी हा स्वर्ग आहे. ज्याला मोबाइल छान वापरता येतो म्हणून त्याचे आईबाप त्याला इथं घालतात, त्यांनी एवढाच विचार करावा, की श्रीखंड छान खाता येतं म्हणून आपण कुणाला चितळ्यांच्या डेअरीत म्हशी सांभाळायला पाठवतो का?

पण विचार करायला सवड कुणाला? त्याच सुमाराला कर्वे रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात करिअर मार्गदर्शन मेळावा भरला. आम्ही सहकुटुंब गेलो. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून तशाच होत्या, त्यामुळं माझ्या स्थळाच्या उपमेला आयतंच नेपथ्य मिळालं. ओळीनं टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागं टाय बांधलेला एक तरुण, पुढं कापडी पिशव्या आणि पेनं. पहिल्या टेबलावरच्या तरुणानं चिरंजीवांना वातानुकूलित प्रयोगशाळा सांगितली, बसची सोय सांगितली, वार्षिक महोत्सवाला कुठला नट येऊन गेला ते सांगितलं. मनी मधेच म्हणाली, "सर, तुमच्याकडे डिस्क्रीट मॅथ्स कोण शिकवतं?"

तरुणानं हातातलं पेन खाली ठेवलं. त्याला हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. मग सावरून तो म्हणाला, "मॅडम, आमचा प्लेसमेंट सेल फार स्ट्राँग आहे."

सूनबाईंनी मनीला कोपरानं ढोसलं. स्थळ पाहायला आल्यावर मुलीनं नवऱ्याच्या आईला स्वयंपाक कोण करतं असं विचारल्यासारखं झालं होतं ते.

पण प्रश्न पोरीचाच बरोबर होता. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं २०२४-२५ पासून, काही अटी घालून, शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली. झालं! जिथं मागणी तिथं जागा, आणि मागणी कुठं आहे ते आमच्या ८७ पर्यायांत दिसतंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की जागा परिपत्रकानं वाढतात. बाकंही वाढतात, सुतार चांगला असेल तर. पण डिस्क्रीट मॅथ्स समजलेला आणि समजावता येणारा माणूस परिपत्रकानं वाढत नाही. तो वीसपंचवीस वर्षांत एकेक करून तयार होतो, आणि तयार झाला की हिंजवडीत जास्त पगारावर निघून जातो. मग वर्गात शिकवायला कोण उरतं? याचं उत्तर कापडी पिशवीत नव्हतं. मी घरी आल्यावर उलटी करून पाहिली.

इथं कुणी म्हणेल, अहो, पण नोकरी तर तिथंच आहे ना? आहे. मी नोकरीला नावं ठेवणारा साधू नव्हे. बँकेचं पेन्शन खातो, आणि ते ज्या यंत्राविरुद्ध मी घसा बसवून घेतला त्याच यंत्रातून महिन्याच्या ठरल्या तारखेला बिनचूक येतं. पण नोकरीच्या नावानं शाखा निवडणारे एक साधी गोष्ट विसरतात. प्रवेश आज घ्यायचा असतो, नोकरी चार वर्षांनी लागायची असते. आज स्टँडवर कुठल्या गाडीला गर्दी आहे ते पाहून चार वर्षांनी सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढण्यातला हा प्रकार.

माझा पुतण्या १९९८ साली वाजतगाजत आय.टी.ला गेला. तेव्हा सन २००० चं संकट येणार, तारखा दुरुस्त करायला माणसं हवीत म्हणून सगळीकडं धामधूम होती. तो २००२ साली बाहेर पडला तेव्हा तारखा केव्हाच दुरुस्त झाल्या होत्या आणि अमेरिकेतला फुगा फुटून वर्ष उलटलं होतं. त्याच्या हातात नेमणुकीचं पत्र होतं, पण रुजू व्हायची तारीख तीनदा पुढं गेली. तो वर्षभर घरी बसला आणि आमच्या वहिनींनी तेवढ्या काळात सोळा सोमवार केले. त्याची गत पाहून शेजारच्या मुलाला 'कॉम्प्युटर संपला' असं सांगून लोक परतवत होते. तो पठ्ठ्या हट्टानं गेला, २००६ साली बाहेर पडला, आणि तेव्हा कंपन्या दारात उभ्या होत्या. मुलं दोन्ही सारखीच हुशार. गर्दीनं दोघांनाही चुकीचाच सल्ला दिला, फक्त उलटसुलट.

महाराष्ट्रानं हे एकदाच पाहिलेलं नाही. डी.एड. केलं की मास्तरकी नक्की, या हिशेबानं एके काळी गावोगाव डी.एड.ची कॉलेजं उगवली होती आणि लोकांनी शेतं गहाण टाकून पोरं तिथं घातली. पुढं नोकऱ्या आटल्या आणि त्यातली कितीतरी कॉलेजं विद्यार्थ्यांवाचून बंद पडली. मास्तर होण्यात वाईट काहीच नव्हतं. वाईट होतं ते सगळ्यांनी एका दारातून एकदम घुसणं.

आता याच्या उलट बाजूचे शहाणे. आमच्या तळमजल्यावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नाना राहतात. ते मला लिफ्टमध्ये गाठून म्हणाले, "नातीला कॉम्प्युटरला मुळीच घालू नका. ए.आय. सगळ्या नोकऱ्या खाणार. प्रोग्रॅम आता यंत्रच लिहितं." मला हे वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या मजल्यावर लक्षात आलं. हे माझंच होतं! चाळीसेक वर्षांपूर्वी मी ते मोर्च्यात ओरडलो होतो. ते अगदीच खोटं ठरलं असंही नाही. लेजर गेलं, टोकन गेलं, कारकुनांची रांग गेली. पण कोणती कामं जातील आणि कोणती नवी निघतील यातलं आम्हाला काडीचं कळलं नव्हतं, आणि नानांनाही कळलेलं नाही. यंत्र पाठांतराचं काम आधी खातं, एवढं मी माझ्या टेबलावरून पाहिलं आहे. तेव्हा पाठ करून पदवी घेणाऱ्यानं घाबरावं. समजून घेणाऱ्याला थोडी उसंत आहे.

आणि समजून घेणं हे कुठल्या पाटीखाली होईल ते सांगता येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक बांधून पूर्ण झाला. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं त्या रंगस्वामी नरसिंहनांची डॉक्टरेट गणितातली. टाटा कन्सल्टन्सी उभी करणारे फकीरचंद कोहली इलेक्ट्रिकलचे. पुण्यात १९९१ साली 'परम ८०००' करून दाखवणारे विजय भटकरही इलेक्ट्रिकलचे. आणि ज्या 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या नावानं आज कॉलेजं पाट्या रंगवतात, ते नाव पन्नासच्या दशकात देणारे जॉन मॅकार्थी गणितज्ञ. कॉम्प्युटरची पदवी निरर्थक आहे असा याचा अर्थ नाही. त्यांच्या विद्यार्थिदशेत ती मिळतच नव्हती. आज मिळते, आणि जिथं मन लावून शिकवतात तिथं ती फार मोलाची आहे. अर्थ एवढाच, की पाटीनं माणूस घडत नाही. माणसानं पाटी घडवली आहे.

आता ज्या एका संध्याकाळीमुळं मी हे लिहायला बसलो ती सांगतो.

प्रवेशाचं रामायण चालू असताना एकदा मी सोसायटीचे हिशेब करत बसलो होतो. जमेला २७० रुपयांचा फरक. मी मनीला माझ्या धंद्यातलं एक गुपित सांगितलं. म्हटलं, "फरकाला नऊनं भाग जातो का बघायचं. गेला, तर कुठंतरी दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते." आणि खरंच, एका पावतीवरचे ३७४२ मी वहीत ३४७२ लिहिले होते. मी विजयी मुद्रेनं पाहिलं. सौ.नं ही करामत हजारदा पाहिली असल्यामुळं ती भाजी निवडत राहिली. मनी म्हणाली,

"का?"

"का म्हणजे?"

"म्हणजे नऊच का? आठ का नाही?"

मी गप्प. ३८ वर्षं मी नऊनं भागत आलो. मला हेडकॅशियरनं सांगितलं, मी पुढच्यांना सांगितलं. का, हे त्यालाही कुणी विचारलं नाही आणि मलाही. मनीनं वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं. ५४ म्हणजे पाच दहा आणि चार एक. उलटे केले तर चार दहा आणि पाच एक. दहाच्या घरातला आकडा एकाच्या घरात आला की प्रत्येकामागं दहा जातात आणि एक येतो, म्हणजे नऊ जातात. शेजारच्या कुठल्याही दोन घरांत तेच, फक्त पुढं शून्यं लागतात. संपलं. मला आयुष्यभराचं गुपित दीड मिनिटात उलगडून मिळालं.

पण तिचं संपलं नव्हतं. पेन्सिल चावत ती म्हणाली, "आबा, पण उलटं खरं नाही ना? अदलाबदल झाली तर नऊनं भाग जाणार. पण नऊनं भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली असेल, असं थोडंच आहे?"

आणि मला १९८६ सालची ती रात्र आठवली. बॅलन्सिंगला १८ रुपयांचा फरक होता. अठराला नऊनं भाग जातो, म्हणून आम्ही सहाजण रात्री अकरापर्यंत उलटे पडलेले आकडे शोधत बसलो. मी शेवटची बस चुकवून चालत घरी आलो आणि सौ. दोन दिवस बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, १८ रुपयांचं एक व्हाउचर पंख्याच्या वाऱ्यानं उडून कपाटामागं पडलं होतं. आकडे सगळे सुलटे होते. ते सहाजण आणि ती रात्र पोरीनं एका वाक्यात सोडवली, त्या रात्री तिचा बापसुद्धा पाच वर्षांचा होता.

त्या क्षणी मला कळलं, की हिला कॉम्प्युटरला 'घालायची' गरज नाही. ही तिथं आधीच जाऊन बसली आहे. आता प्रश्न फक्त चांगल्या मास्तरांचा.

मास्तर सापडलेही होते. जून महिन्यातच तिनं 'असू दे हाताशी' म्हणून एका जुन्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला नाव घातलं होतं. घरापासून बसनं वीस मिनिटं. पहिल्या वर्षापासून गणित आणि संख्याशास्त्र. शिकवणाऱ्या बाईंना ती स्वतः जाऊन भेटली होती आणि बाईंनी तिला प्लेसमेंट सेलऐवजी एक कोडं घातलं होतं. ते चार दिवस सुटलं नाही म्हणून मनी हरखून गेली होती. इकडं कॅप राउंडमध्ये चिरंजीवांच्या यादीतला एकोणिसावा पर्याय लागला. ए.आय. अँड डेटा सायन्स, साठ किलोमीटरवर, नवं कॉलेज, कापडी पिशवी दिलेलंच. पडद्यावर 'फ्रीझ' आणि 'बेटरमेंट' अशी दोन बटणं आणि पुढं मुदत.

घरात सभा बसली. मी बी.एस्सी.च्या बाजूनं बोललो, पण तोटे लपवले नाहीत. बी.एस्सी.वाल्यांना काही कंपन्या दारातही घेत नाहीत, घेतलं तर पगार कमी. पुढं एम.एस्सी. किंवा दोन वर्षांचं एम.सी.ए. करावं लागेल. चिरंजीव म्हणाले, "लोक म्हणतील, इंजिनिअरिंग मिळालं नाही म्हणून बी.एस्सी.ला घातली." सूनबाई डोळे पुसत म्हणाल्या, "ए.आय. आपण होऊन दारात आलंय." सौ. म्हणाली, "साठ किलोमीटर? म्हणजे डबा किती वाजता करायचा?" अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं, की आम्ही चौघं बोलतोय आणि जिला जायचं ती खिडकीशी बसून कोडं सोडवते आहे.

मी म्हटलं, "मने, तुला काय वाटतं?"

घर एकदम शांत झालं. मे महिन्यापासून इतका खल चालला होता, पण हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच विचारला गेला होता. विचारणारा मी, म्हणून मी फुशारकी मारत नाही. मलाही तीन महिने लागले. आणि मला स्वतःला तर तो कुणी कधीच विचारला नाही. मॅट्रिकला बीजगणितात शाळेत पहिला आलो होतो मी. पण मामा बँकेत होते.

मनीनं वर पाहिलं. "बी.एस्सी.," ती म्हणाली. "फ्रीझ नका करू." आणि परत कोड्यात डोकं घातलं. हे घालणं मात्र तिचं तिनं केलं होतं. कर्ता ती स्वतः.

तिचा निर्णय बरोबर ठरेल का? ते मला माहीत नाही. दुसरी एखादी मुलगी त्याच साठ किलोमीटरवर जाऊन नाव काढेल. तिला तिथं चांगला मास्तर भेटला तर मी पेढे वाटीन. मी बी.एस्सी.ची जाहिरात करायला बसलेलो नाही. मी एवढंच म्हणतो, की पदवी निवडताना तीन गोष्टी कराव्यात. अभ्यासक्रमाचा कागद वाचावा. शिकवणाऱ्या माणसाला भेटावं. आणि ज्याला शिकायचं आहे त्याला विचारावं. या तिन्हीला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

परवा नाना पुन्हा लिफ्टमध्ये भेटले. त्यांचा नातू यंदा बारावीला. ए.आय. सगळ्या नोकऱ्या खाणार हे त्यांचं मत आता बदललं आहे, कारण त्यांच्या साडूनं नातवाला ए.आय.लाच घातलं. मला म्हणाले, "तुम्ही यातले जाणकार. आमच्या बंड्याला कशाला घालू?"

मी म्हटलं, "बंड्याला विचारलंत?"

नाना माझ्याकडं पाहतच राहिले. मग कीव आल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "त्याला काय विचारायचं? ॲडमिशन त्याची आहे!"